खड्ड्याचं रान

आमच्याकडं प्रत्येक रानाला नाव असतं. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, पण तो तलाठ्याच्या कामाचा. घरात कुणी गट नंबरानं बोलत नाही. "विहिरीच्या रानात पाणी धर", "पाणंदीच्या पट्टीत तुरीवर अळी पडलीय", "आंब्याखालच्यात पाळी घातली का?" असं आपलं बोलणं. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या जवळ, तेरणा नदीच्या काठाला. नदीच्या अंगाला आमचं एक रान आहे, त्याला आज सगळं गाव खड्ड्याचं रान म्हणतं. माझ्या लहानपणी त्याला चिंचेचं म्हणायचे. चिंच १९७२ च्या दुष्काळाआधीच वाळून गेली होती, नाव तेवढं मागं राहिलं होतं. पुढं माझ्या हातून असं एक काम झालं की ते नावही गेलं.

त्या कामाविषयी मी वीस वर्षं कुणाशी बोललो नाही. बोललो ते इंग्लंडात, एका मोठ्या खड्ड्याच्या तळाशी बसून. म्हणून दोन्ही खड्डे एकाच ठिकाणी सांगतो.

चिंचेचं रान म्हणजे आमच्या घरचं सगळ्यात चांगलं रान. सव्वा एकरच, पण नदीचा पोयटा. ओली माती मुठीत दाबली तर लाडू वळायचा आणि अंगठ्यानं टिचकी मारली की फुटायचा. आमचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणायचे, त्या रानात पायताण घालून जायचे नाहीत. बांधावर काढून ठेवायचे. मला त्याचं हसू यायचं.

त्या रानाच्या खालच्या कोपऱ्यातून, अगदी नदीकडंच्या दरडीतून, गावचा कुंभार माती न्यायचा. वर्षाला चार-पाच गाड्या. आबा त्याचा पैसा घेत नसत. संक्रांतीला सुगडी, पोळ्याला मातीचे बैल, घटस्थापनेला घट, उन्हाळ्यात दोन डेरे, असं तो घरपोच आणून द्यायचा. त्यानं खणलेला खळगा पावसाळ्यात तेरणा फुगली की गाळानं भरून निघायचा. पुढच्या साली तो पुन्हा तिथंच खणायचा. तो घेत होता आणि नदी भरत होती. त्यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं.

२००३ साली पाऊस गेला. खरीप हातचा गेला, रब्बीची ज्वारी वीतभर होऊन करपली. २००४ च्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या लेकीची बारावी झाली. मार्क चांगले पडले. तिला नर्सिंगला जायचं होतं. नंबर लागला. फी, वसतिगृह, मेस असा हिशेब कागदावर मांडला तर आकडा बघून मी कागदाची घडी घालून खिशात ठेवला. सोसायटीचं कर्ज आधीच थकलेलं. सावकाराकडं जायचं नाही असं आबांनी शपथ घालून ठेवलेलं. सोनं म्हणावं तर घरचीच्या गळ्यात चार मणी.

त्याच महिन्यात एक वीटभट्टीवाला गावात फिरत होता. त्याला आमची माती पसंत पडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागात दगडमातीच्या भिंतीची आणि माळवदाची लोकांनी भीती घेतली होती. किल्लारी-सास्तूरकडं माणसं त्याच भिंतीखाली गेली. तेव्हापासून ज्याला जमेल तो विटांचं घर बांधू लागला आणि भट्ट्यांना माती पुरेना. तो म्हणाला, "मालक, सगळं रान नको. नदीकडंची वीस गुंठे द्या. तीनच फूट काढतो. खाली पुन्हा मातीच हाय, दोन साल शेणखत टाकलं की पहिल्यासारखं."

ट्रॉलीला साठ रुपये ठरले.

मी आबांना विचारलं नाही. ते आषाढीला पंढरपूरला पायी जायचे. ते दिंडीत गेले आणि इकडं जेसीबी आलं. एवढं लिहिलं तरी पुरे, मी कसा माणूस होतो ते वाचणाऱ्याला कळेल. मी बांधावर बसून ट्रॉल्या मोजायचो आणि दर ट्रॉलीला एक खडा बाजूला टाकायचो. पण मशीन रात्रीही चालायचं आणि रात्री खडे टाकायला मी नव्हतो. सातशे ट्रॉल्यांचे बेचाळीस हजार माझ्या हातात पडले. तीन फुटांचा करार होता. शेवटी टेप लावला तर कुठं पाच, कुठं सहा फूट. तळाला पिवळा मुरूम उघडा पडला होता.

आबा दिंडीहून आले. बुक्का कपाळाला, पाठीवर पडशी, तसेच रानात गेले. मी मागं गेलो. पायताण काढायला म्हणून ते बांधावर वाकले आणि तसेच थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"शेत इकलं असतंस तर सोसलं असतं. शेत इकलं तरी माती तिथंच ऱ्हाती, दुसऱ्याच्या घरात जाती एवढंच. तू मातीच इकलीस."

मी लेकीच्या शिक्षणाचं सांगितलं. ते म्हणाले, "भात्तरला म्या बैल इकले, भांडी इकली. तुझ्या मायनं डोर्लं इकलं. रोजगार हमीवर दगड फोडले, सुकडी खाल्ली. मातीला हात लावला न्हाई."

त्यांनी पायताण घातलं आणि घराकडं चालू लागले. २००९ साली ते वारले. त्या पाच वर्षांत माझ्याशी बोलले, पण कामापुरतं. त्या रानाच्या बांधावर पुन्हा त्यांनी पाय ठेवला नाही. मरणाआधी चार दिवस मी म्हणालो, "आबा, चुकलं माझं." त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की राहू दे म्हणून, हे मला आजवर उमगलेलं नाही.

खड्ड्यात पावसाचं पाणी साचायचं. सुरवातीला डासच डास. मग कडेनं वेडी बाभूळ आली, पाणकणीस आलं. बगळे यायला लागले, हिवाळ्यात बदकं उतरायची. गावातली पोरं मोबाईलवर फोटो काढून म्हणायची, "तात्या, तुमच्या खड्ड्यात भारी सीन दिसतोय." मी हसायचो. दुसऱ्याला जो सीन दिसायचा, त्यात मला सातशे खडे दिसायचे.

लेक शिकली. पुण्यात नोकरीला लागली, लग्न झालं, पुढं परीक्षा देऊन नवऱ्यासह इंग्लंडला गेली. प्लिमथ नावाच्या बंदराच्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स आहे. २०२३ साली तिनं हट्टानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. मी म्हणालो, मृगाच्या आत परत यायचं असेल तरच येतो. चैत्रात तेरला गोरोबाकाकांची यात्रा उरकली आणि आम्ही निघालो. मी दहावी शिकलेला, इंग्रजी पाट्या अक्षरं जुळवून वाचता येतात. घरचीला तेवढंही नाही, पण तिचं काही अडलं नाही. लुगड्यावर स्वेटर, पायात लेकीचे बूट, डोक्याला मफलर अशी ती विमानातून उतरली आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या म्हातारीला खुणा करून धपाटं कसं थापायचं ते शिकवून आली.

एका रविवारी लेक म्हणाली, "अण्णा, आज तुम्हाला एक बाग दाखवते."

टेमर नदीवरच्या पुलावरून पलीकडं गेलो की कॉर्नवॉल लागतं. गाडी जावई चालवत होते. तासाभरानं सेंट ऑस्टेल नावाचं गाव जवळ आलं तशा लांबवर पांढऱ्या टेकड्या दिसायला लागल्या. काही टोकदार, काही सपाट माथ्याच्या. मला वाटलं बर्फ असेल. जावई म्हणाले, "बर्फ नाही, ती खाणीतली टाकलेली रेती आहे. इथं चिनी माती निघते."

मग त्यांनी वाटेत सगळं सांगितलं. आपण कपबशीला चिनी माती म्हणतो ती ही. इथला ग्रॅनाइट दगड आतल्या आत कुजून त्याची पांढरी, मऊ माती झाली. विल्यम कुकवर्दी नावाचा प्लिमथचाच एक औषधं बनवणारा माणूस होता. १७४६ च्या सुमारास त्यानं ही माती ओळखली. तोवर तशी भांडी चीनमधून यायची. मग खाणी सुरू झाल्या. डोंगराच्या अंगावर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, पांढरं पाणी खाली गोळा करायचं, माती निवळून घ्यायची आणि सुकवायची. कपबशीला लागायची, गुळगुळीत कागदाला लागायची, औषधालाही लागायची. एक टन माती काढायची तर कितीतरी टन रेती-दगड बाजूला टाकावा लागायचा. त्याच्याच या टेकड्या. काही खाणी अजूनही चालू आहेत.

मी म्हणालो, "आपल्याकडं रानाला काळी म्हणतात आणि गावाला पांढरी. यांची काळी कुठं गेली?"

जावई म्हणाले, "बघालच आता."

बागेचं नाव ईडन प्रोजेक्ट. ईडन म्हणजे त्यांच्या पुराणातली देवानं लावलेली पहिली बाग. तिकीट काढून आत गेलो आणि एकदम कड आली. खाली खड्डा. खड्डा म्हणजे किती? साठेक मीटर खोल. आमच्या गावातल्या साठ फुटी विहिरी एकावर एक तीन ठेवल्या तरी वर हातभर उरावा एवढा. बोडेल्वा नावाची ही खाण. दीडशेहून जास्त वर्षं तिच्यातून माती उपसली. आणि त्या खड्ड्याच्या एका अंगाला, उतरणीला चिकटून, भलेमोठे पारदर्शक घुमट. पावसाळ्यात ओढ्याच्या वळणावर फेस साचतो आणि एकाला एक चिकटून बुडबुडे उठतात ना, तसे. पण एकेका बुडबुड्यात आमचं अख्खं गाव झाकलं जाईल. जवळून बघितलं तर मोहळाच्या घरांसारख्या सहा कोनी चौकटी, आणि त्यात काच नाही, पातळ पापुद्र्याच्या हवा भरून फुगवलेल्या उशा बसवलेल्या.

कडेवर उभं राहून सगळे फोटो काढत होते. नात म्हणाली, "आजोबा, हसा." मला हसायला येईना. पायातून एक कळ गेली. इतक्या खोल जमिनीला मी याआधी असं वरून कधी बघितलं नव्हतं, तरी वाटलं, हे मी बघितलेलं आहे.

नागमोडी वाटेनं खाली उतरलो. दोन्ही बाजूंनी फुलं, भाजीपाला, जवस, सूर्यफूल असल्या पिकांचे वाफे. खालच्या मोठ्या घुमटात उष्ण प्रदेशातलं जंगल केलं आहे. बाहेर मे महिन्यात दातावर दात वाजत होते आणि आत दार उघडून गेलो तर मृग बरसल्यावरचा उकाडा. घरचीनं मफलर काढला, स्वेटर काढला आणि म्हणाली, "आता कुठं जिवात जीव आला. हितंच ऱ्हाऊ की."

आत घुमटाची उंची पन्नास मीटर. मोठमोठी झाडं, वेली, वरून कोसळणारा धबधबा. रबर, कोको, कॉफी, बांबू. मग केळी आल्या. मग भाताचं खाचर. मग उसाचं बेट आलं आणि घरची मटकन थांबली. उसापुढं उभं राहून इंग्रज माणसं लेकरांना पाटी वाचून दाखवत होती. ती मला म्हणाली, "अवो, ऊस बघायला तिकीट काढून आलाव व्हय आपण? आपल्या गावात तोडायला माणूस मिळंना." लेक आणि जावई हसून हसून बाजूला बसले.

मी मात्र उसाकडं बघत नव्हतो. मी त्याच्या बुडाकडं बघत होतो. काळीभोर, भुसभुशीत माती. पानं कुजल्याचा वास. मला राहवेना. इकडंतिकडं बघितलं, वाकलो आणि मूठभर उचलली. दाबली. लाडू झाला. टिचकी मारली. फुटला.

जवळच एक माळी काम करत होता, वयानं माझ्याएवढाच. त्यानं बघितलं. मला वाटलं आता रागावतो. तो हसला आणि लेकीला म्हणाला, "तुझे वडील शेतकरी आहेत." विचारलं नाही, सांगितलंच.

मी लेकीला म्हणालो, "त्याला विचार, ही काळी माती कुठून आणली? कुठलं रान उकरलं?"

त्याचं उत्तर लेक थोडं थोडं करून मराठीत सांगत गेली. तो म्हणाला, कुठलंही रान उकरलं नाही. खाण बंद झाली तेव्हा या खड्ड्यात चिमूटभर माती नव्हती. नुसता दगड, रेती आणि चिकण. पाऊस पडला की तळाला पाणी साचायचं. मग माती इथंच तयार केली. खाणीतली टाकाऊ रेती आणि चिकण घेतली. त्यात झाडांच्या सालींचं, कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत कालवलं. वेगवेगळ्या झाडांना वेगवेगळी माती. अशी एकंदर ८० हजार टनांहून जास्त माती माणसांनी बनवली. झिरपणारं पाणीही वाया घालवलं नाही, ते गोळा करून बागेला फिरवलं. आणि मग २००१ च्या मार्चमध्ये बाग लोकांना खुली केली. टिम स्मिट नावाच्या माणसाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली.

मी विचारलं, "माती बनवून झाली म्हणजे झाली का?"

माळी म्हणाला, "नाही. दरवर्षी खायला घालावं लागतं. माती काय, सांभाळत राहायची."

हे वाक्य आबांच्या तोंडचं होतं. नुसती भाषा वेगळी.

खर्चाचंही विचारलं. लॉटरीच्या निधीतून मोठी रक्कम मिळाली, असे कोट्यवधी पौंड लागले. माझ्या डोक्यात बेचाळीस हजार रुपये फिरत होते.

घुमटातून बाहेर आलो. घरची आणि जावई नातीला घेऊन दुसऱ्या घुमटात गेले, तिथं जैतून, द्राक्षं असली कोरड्या हवेची झाडं होती. लेक आणि मी एका इमारतीत जाऊन बसलो. तिथं मधोमध ग्रॅनाइटचं एक प्रचंड बी ठेवलेलं आहे. सत्तर टनांचा एकसंध दगड घडवून केलेलं. दगडाचं बी बघून मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेलो.

"तुला एक सांगायचं राहिलंय. तुझ्या फीचे पैसे मी कर्ज काढून भरले असं सांगितलं होतं. तसं नव्हतं. चिंचेच्या रानातली माती..."

"मला माहीत आहे, अण्णा."

मी तिच्याकडं बघत राहिलो.

"आबांनी सांगितलं होतं. मी हॉस्टेलला निघाले त्या दिवशी. एसटीपर्यंत पेटी घेऊन आले होते ना. गाडी लागल्यावर म्हणाले, 'पोरी, तुझ्यापायी चिंचेचं रान गेलंय. आता नापास होऊ नगंस.' तेवढंच म्हणाले आणि मागं न बघता गेले."

मी म्हणालो, "मग तू इतकी वर्षं..."

"तुम्ही सांगत नव्हता, मी कशी बोलणार? पहिल्या वर्षी रात्री झोप यायची नाही. एक पेपर मागं राहिला तर काय, या भीतीनं अभ्यास केला. मैत्रिणी सिनेमाला जायच्या, मला तो खड्डा दिसायचा." मग जरा थांबून म्हणाली, "राग यायचा अण्णा. तुमचाही आणि आबांचाही. तुम्ही दोघं मातीवरून भांडलात, पण मला कुणी विचारलं नाही, की बाई, एवढ्या मोलानं शिकायचंय का तुला."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. ते बरोबरच बोलली होती. आबांनी माझ्यावर रागावून मला शिक्षा केली असं मी समजत होतो. आणि मी लेकीसाठी केलं म्हणून तिच्यावर काही उपकार केले, असंही आतून कुठंतरी समजत होतो. दोघांनी मिळून सतरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर वीस गुंठ्यांची माती ठेवली होती, आणि ती तिनं बिनबोलता वाहिली.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "चला, चहा घेऊ. इथला चहा काही तुम्हाला आवडायचा नाही." आणि खरंच नाही आवडला.

आम्ही तेरकडची माणसं. माती आणि लेकरू हे दोन शब्द एकत्र आले की आम्हाला एकच गोष्ट आठवते. गोरोबाकाका विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवत होते आणि त्यांचं रांगतं लेकरू पायाखाली आलं, त्यांना कळलंच नाही. आबा ही गोष्ट सांगताना दरवेळी तिथं थांबायचे, आवंढा गिळायचे. पुढं पंढरपुरात कीर्तनात देवानं लेकरू परत दिलं, हे त्यांना माहीत असायचं, तरी थांबायचे. इंग्लंडातून आल्यावर मी तेरला समाधीच्या दर्शनाला गेलो आणि ओट्यावर बसून विचार करत राहिलो. काकांनी मातीच्या नादात लेकरू तुडवलं. मी लेकराच्या नादात माती तुडवली. त्यांना देव पावला. मला सावरायचं तर हातानंच सावरावं लागणार.

तिथून त्रिविक्रमाच्या देवळाकडं गेलो. विटांचं देऊळ, फार जुनं. तेरच्या जुन्या देवळांच्या विटा पाण्यावर तरंगतात, म्हणून प्रसिद्ध आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी या गावाला तगर म्हणत. ग्रीक व्यापाऱ्यांच्या जुन्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे, तिथून कापड येतं. त्या शहराच्या आता पांढरीच्या टेकड्या झाल्यात. तिथं सापडलेल्या मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केली आणि त्यावर तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. ते सगळं बघताना एक गोष्ट नीट समजली. माती काढणं हे पाप असतं तर तेर उभंच राहिलं नसतं. आमचा कुंभार काढायचा, त्याच्या आधी त्याचे पूर्वज काढायचे. पण ते नदी भरू शकेल एवढीच काढायचे. मी महिन्याभरात जेवढी काढू दिली, तेवढी तेरणेला आणून टाकायला किती पिढ्या लागल्या असतील, त्याचा हिशेब माझ्या खड्यांत मावत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, २०२४ ला, मी खड्ड्याला हात घातला. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ पासून आहेच. जवळच्या तलावात मशीन लागलं होतं. उकरण्याचा खर्च योजनेतून, वाहतूक माझी. पोरगा म्हणाला, "अण्णा, एवढ्या डिझेलात दुसरीकडं ठिबक झालं असतं." त्याचंही खोटं नव्हतं. पण तो रोज ट्रॅक्टर घेऊन आला. सगळा खड्डा भरणं माझ्या ऐपतीत नाही. म्हणून निम्मा पाण्याला ठेवला. बगळे आहेत, बदकं येतात, पोरांना सीन मिळतो, विहिरीला पाझर मिळतो. वरचे दहा गुंठे भरायला घेतले. दोन उन्हाळ्यांत चारशे दहा ट्रॉल्या गाळ पडला. यावेळी मी खडे टाकले नाहीत, वहीत लिहिलं. जेवढ्याला माती विकली होती त्याच्या तिपटीहून जास्त पैसे गेले.

नुसता गाळ म्हणजे माती नाही, हे मी त्या माळ्याकडून शिकून आलो होतो. तलावाचा गाळ उन्हात दगडासारखा होतो, भेगाळतो. त्यावर शेणखत, उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा, गावातल्या उकिरड्यावरचं कुजलेलं, जे मिळेल ते टाकलं. पहिल्या पावसाळ्यात ताग पेरला आणि फुलावर आला तसा गाडून टाकला. लेकीला फोनवर दाखवलं. ती म्हणाली, "ईडन धाराशिव." मी म्हणालो, आपल्या ईडनला तिकीट नाही.

मागच्या महिन्यात तोच भट्टीवाला रस्त्यानं जाताना थांबला. म्हातारा झालाय. बांधावर उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "तात्या, गाळ चांगला टाकलाय. विटंला येईल." मी त्याला घरी नेला, चहा पाजला आणि वाटेला लावला. राग त्याचा कधीच नव्हता. त्यानं विचारलं होतं, हो मी म्हणालो होतो.

यंदा त्या दहा गुंठ्यांत हुलगा पेरला. हुलगा कशातही येतो, म्हणून पहिलं पीक तेच घ्यावं असं ठरवलं. फार आला नाही, सगळा मिळून दीड पोतं. त्यातला किलोभर लेकीकडं पाठवला, बाकी घरी शेंगोळ्याला ठेवला. गाव अजून त्याला खड्ड्याचं रानच म्हणतं, आणि ते बरोबर आहे, निम्मा खड्डा तसाच आहे.

हुलगा काढायला गेलो त्या दिवशी मी बांधावर पायताण काढून आत गेलो. माती अजून पायाला टोचते. आबा असते तर आत आले असते का, सांगता येत नाही. बांधापर्यंत आले असते, एवढं वाटतं.